मधाच्या वासाचं शिसं

४ नोव्हेंबर

दुकानात काडतुसांची फळी आजही रिकामी. चार खोकी होती, त्यांचा भाव असा की हरीण मारण्यापेक्षा गाय विकत घेतलेली परवडावी. एप्रिलमध्ये क्लबची जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा आहे आणि माझ्या गॅरंड रायफलीला खायला घालायला घरात दाणा नाही. तेव्हा ठरवलं, गोळ्या आपणच ओतायच्या. वापरलेल्या पितळी पुंगळ्या पोतंभर पडल्यात, बारूद आहे, शिसं माझा दोस्त लायल देईल.

क्लबात बोललो तर सगळे हसले. एकेक काडतूस हाताने चढवायच्या रायफलीत ओतीव शिसं चालतं, पण गॅरंडसारख्या, बार झाला की पुढचं काडतूस आपणहून ओढून घेणाऱ्या रायफलीत चालत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही पाठ. नळीच्या टोकापाशी बारीक छिद्र असतं, त्यातून शिरलेला वायू यंत्राला मागे ढकलतो. ते छिद्र शिशाने नि मेणाने बुजतं. बारूद कमी घाला, यंत्र हलत नाही. जास्त घाला, शिसं नळीला चोपडलं जातं. "वेन्डेल, दोन बार काढून तुझी गॅरंड बाळंतिणीसारखी झोपेल," म्हणाले. बघू कोण झोपतं ते.

माझी मुलगी क्रिस्टा ऑक्टोबरपासून इथेच आहे. नवऱ्याला सोडून आली, तीन वर्षांच्या ओपलला घेऊन. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वृद्धाश्रमात तिची पाळी दुपारची, मग पोर माझ्याकडे. बायको, अर्डिस, गेल्यापासून या घरात मी आणि तळघरातला हीटर, दोघंच घरघरत होतो. आता डोक्यावर छोटी पावलं धावतात. खरं लिहायचं तर हल्ली मी त्या पावलांसाठीच उठतो.

१२ नोव्हेंबर

लायल दोन बादल्या शिसं टाकून गेला. त्याचं टायरचं दुकान आहे. चाकाचा तोल साधायला शिशाची वजनं लावतात, त्यातली जुनी. त्यात दोन जाती असतात: पट्टीने अडकवायची कडक, आणि चिकटवायची मऊ. मऊ आपल्या कामाची नाहीत, अंगठ्याच्या नखानेही त्यांवर ओरखडा उठतो. लायल म्हणाला, निवडून आणलीत.

"ओतणार कुठे?"

"तळघरात. शेडमध्ये इतकी थंडी आहे की साचा तापतच नाही, गोळ्या सुरकुतलेल्या निघतात."

"घरात? पोर आहे ना रे तुझ्याकडे? मी उघड्यावर ओततो. बूट व्हरांड्यात, कपडे वेगळे धुवायला. नाहीतर मार्ज घरात घेत नाही."

"मार्ज तुला घरात घेते हेच मुळात नवल आहे."

हसला, पण गेला तेव्हा मान हलवत गेला. लायल बायकोच्या ताटाखालचं मांजर आहे, चाळीस वर्षं बघतोय. माझा बाप या खोऱ्यातल्या शिशाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं राबला. जेवणाचा डबा भट्टीशेजारी उघडायचा. त्याला कोणी बूट काढायला सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर

जमलं! पहिल्या शंभरेक गोळ्या वाया गेल्या, मग भांडं आणि साचा दोन्ही तापले आणि चांदीसारख्या गोळ्या टपाटप पडू लागल्या. प्रत्येक गोळीच्या बुडाशी जास्तीच्या शिशाचा वाटाण्याएवढा शेंडा राहतो, तो साच्याच्या पात्याने कापून खाली पाडायचा. शेंडे परत भांड्यात. काही वाया जात नाही.

मग गोळीच्या खाचांत मेण भरायचं. मधमाश्यांचं मेण नि थोडी चरबी, घरीच कढवलं. हीटरचा वारा सगळ्या खोल्यांत जातो, त्यामुळे घरभर मधाचा वास. ओपल जिन्यावर बसून नाक वर करून म्हणाली, "आबो, मध!" मला ती आबो म्हणते. 'आजोबा' तिच्या जिभेला मोठा पडतो.

मी निष्काळजी माणूस नाही. बारूद कुलपात, पेटवणाऱ्या टोप्या दुसऱ्या कुलपात, किल्ल्या माझ्या गळ्यात. भांडं तापलेलं असताना पोरीने जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या खाली यायचं नाही, आणि ती येत नाही. शहाणी आहे. भांडं निवलं की खाली येते. तिच्या खेळण्यातल्या ट्रकमध्ये मी थोडे शेंडे भरून दिले, त्यांचं ती बाहुलीला वाटाण्याचं जेवण करते. बिघडलेल्या गोळ्याही दिल्या. वाईट तुझ्या, चांगल्या माझ्या, असा आमचा करार.

३ डिसेंबर

क्रिस्टा नाक फेंदारून आली. "बाबा, पडद्यांना वास येतोय. आणि ते पिंपासारखं काय गरगरतंय खाली?"

"पुंगळ्या घासतोय. मक्याच्या कणसाच्या भुशात घालून फिरवल्या की चकचकीत होतात."

"ओपलसाठी ठीक आहे ना हे सगळं?"

"वितळलेलं असेल तेव्हा ती जवळ येत नाही. थंड शिसं म्हणजे दगड. दगडाने कोणी मेलंय का?"

"मी फक्त विचारतेय."

"तुझी आईही फक्त विचारायची."

तिला जायला दुसरी जागा नाही हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला. ते वाक्य बोलायला नको होतं. पण खिडकी थोडी उघडी ठेवतो हे कबूल केलं, आणि दोन दिवस ठेवलीसुद्धा.

१९ डिसेंबर

मैदानावर नाचक्की. पहिला बार ठीक, दुसऱ्याला यंत्र अर्ध्यात अडकलं, तिसऱ्याला पुंगळी दारात दाबलेल्या बोटासारखी अडकून बसली. पलीकडच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हातारीला अंगाई म्हणू का?" बारूद बदलली पाहिजे, आणि गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी बसवली पाहिजे, म्हणजे शिसं वितळणार नाही.

घरी कॉफी नाण्यासारखी लागली. क्रिस्टा म्हणते तीच कॉफी आहे. ती कुठलं तरी स्वस्तातलं आणते आणि तेच म्हणते.

२६ डिसेंबर

नाताळ बरा गेला. ओपलला खेळण्यांची गुलाबी पेटी दिली, पण ती रमते त्या भुशातच. पुंगळ्या चाळल्या की करडा भुसा परातीत उरतो. ती त्यात हात कोपरापर्यंत घालून बसते आणि मूठमूठ ओतते. वाळूच असावी तसं. क्रिस्टा कामावर होती. मी खुर्चीत बसून बघत होतो. तासभर दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. यापेक्षा चांगली दुपार मला आठवत नाही.

मग मांडीवर येऊन झोपली. केसांना मेणाचा वास येत होता.

१७ जानेवारी

चाललं! आठच्या आठ काडतुसं, एका दमात, आणि शेवटी काडतुसं धरणारी रिकामी क्लिप टिणकन उडाली. तो आवाज ऐकायला मी अडीच महिने काढले. छिद्र तपासलं, स्वच्छ. मैदानावर तेव्हा कोणी नव्हतं, नाहीतर एकेकाची तोंडं बघितली असती. लायलला फोन केला, तो म्हणाला, "हात धुतलेस का?" याला म्हणतात मित्र.

पोट बांधल्यासारखं झालंय आठवडाभर. मनगटं दुखतात, साच्याची मूठ घट्ट आहे.

३० जानेवारी

ओपल जेवत नाही. ताट समोर आलं की ओठ मिटते आणि पोटाला हात लावते. क्रिस्टा तिला खोक्यातलं रंगीत काहीतरी दुधात घालून देते, पोट दुखेल नाही तर काय होईल. वर तो फोन हातात. पोर बोलायलाही आळशी झाली. ऑक्टोबरात "आबो, बर्फ पडला, बूट कुठे" असं सगळं म्हणायची, आता बोट दाखवते. मी म्हटलं, "फोनवर बोट फिरवून फिरवून बोटाचंच बोलायला लागली." क्रिस्टा रडली. हल्ली या घरात काही बोलायची सोय नाही.

मलाही हल्ली लगेच चीड येते, हे लिहून ठेवतो. काल मीठ सापडेना म्हणून कपाटाचं दार आपटलं ते बिजागरीतून निघालं. ओपल टेबलाखाली गेली. नंतर बाहेर आली आणि मांडीवर बसली, पण लगेच नाही.

११ फेब्रुवारी

पाचातली एक गोळी भलतीकडेच जाते. चार निशाणाच्या कागदावर मुठीएवढ्या जागेत, पाचवी कागदाच्या बाहेर. तयार गोळ्यांचा ट्रे भिंगाखाली घेऊन बसलो तेव्हा कारण सापडलं. काही गोळ्यांच्या खाचांच्या कडांवर बारीक चेपलेल्या खुणा. समोरासमोर, वर दोन, खाली दोन. चिमट्याने दाबल्यासारख्या. वाकड्या कडेची गोळी सरळ जाणार कशी?

साचा तपासला, साच्यात काही नाही. गोळी पुंगळीत बसवायचं दाबयंत्र तपासलं, त्यातही नाही. राहिलं काय? शिसं. कडक शिशावर अशा खुणा उमटत नाहीत. नख लावून पाहिलं, काहींवर उमटलं असं वाटलं. म्हणजे लायलने मऊ वजनं मिसळली. निवडत बसायचा कंटाळा आला असेल. किंवा मला जमू नये असंच वाटत असेल.

१३ फेब्रुवारी

लायलच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, तरी बोललो.

"मऊ शिसं दिलंस मला."

"काय?"

"चिकटवायची वजनं. पाचातली एक गोळी चेपतेय."

"एकेक हाताने निवडून दिलंय मी. तुझं नख वाढलं असेल."

"तुला कधी गॅरंडमध्ये शिसं चालवता आलं नाही, म्हणून माझं चाललेलं बघवत नाही तुला."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "वेन्डेल, तुझा रंग बघितलास आरशात? राखेसारखा झालायस. डॉक्टरकडे जा. आणि आत्ता माझ्या दुकानातून जा."

चाळीस वर्षांचा स्नेह दोन बादल्या शिशापायी गेला. जाऊ दे. चेपलेल्या गोळ्या कॉफीच्या डब्यात बाजूला ठेवल्यात, पुरावा म्हणून.

९ मार्च

काय लिहू. क्रिस्टा ओपलला पोटासाठी डॉक्टरकडे घेऊन गेली, त्यांनी बोट टोचून रक्त घेतलं. या खोऱ्यात लहान पोरांचं घेतातच, जुन्या कारखान्यामुळे. शिसं निघालं. थोडं नाही, मर्यादेच्या कितीतरी पट. पुन्हा नसेतून घेतलं, तेवढंच.

क्रिस्टा स्वयंपाकघरात कोट न काढता उभी होती. "तळघर, बाबा."

"तळघर कशाला? अंगणातली माती बघ. ही सगळी दरी शिशाची आहे. मी याच मातीत खेळलो. मला काय झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग वर जाऊन बॅग भरली.

ओपलने जाताना ट्रक मागितला, बोट दाखवून. क्रिस्टाने दिला नाही. रडली नाही पोर, नुसती बघत राहिली. मी दारात उभा होतो आणि मला तिला उचलून घ्यायचं होतं. क्रिस्टा मध्ये आली. माझ्या नातीला हात लावायला मला माझ्याच घरात मनाई.

स्पोकेनला मैत्रिणीकडे गेल्यात.

१६ मार्च

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची बाई यंत्र घेऊन आली. बंदुकीसारखंच दिसतं, भिंतीला टेकवलं की शिशाचा आकडा दाखवतं. अंगणातली माती: कारखान्याच्या सफाईत पूर्वीच बदललेली, ठीक. रंग: ठीक. पाणी: ठीक. मी म्हटलं, "बघा." मग तिने खाली जाऊन टेबल, फरशी, हीटरची जाळी बघितली आणि पेन काढलं. वर येऊन माझ्या खुर्चीच्या हातांवर यंत्र टेकवलं. मग मांडीवर घ्यायच्या गोधडीवर.

"इथे मूल बसतं का?"

"इथे मी बसतो. ते माझ्या मांडीवर बसतं."

तिने काहीतरी लिहिलं. "तुमचंही रक्त तपासून घ्या," म्हणाली. मी म्हटलं, माझं रक्त मला लागतं. यंत्रं काय, खातं सांगेल ते दाखवतात.

१७ मार्च

गोधडी जाळली. अर्डिसने शिवली होती. हा मूर्खपणा का केला ते माहीत नाही.

६ एप्रिल

क्रिस्टाचा फोन, पहिल्यांदाच. पोरीचं रक्त परत तपासलं. जवळपास महिना झाला माझ्या घरातून जाऊन आणि आकडा खाली आला नाही. उलट दोन अंकांनी वर. डॉक्टरांना कोडं पडलंय.

मी काय म्हटलं ते लिहितो. मी म्हटलं, "मग? आता कोणाचं तळघर? तुझ्या मैत्रिणीच्या घरी कोण गोळ्या ओततंय?"

"बाबा, ती दोन शब्द बोलते. दिवसभरात दोन."

"मी एवढंच म्हणतोय की आकडा माझ्या बाजूने आहे."

"हो," ती म्हणाली. "तुमच्या बाजूने आहे." आणि ठेवला.

तिला कबूल करावं लागलं तरी बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

१९ एप्रिल

स्पर्धा. गॅरंड एकदाही अडकली नाही. दुसरा आलो, दुकानच्या काडतुसांवाल्यांना मागे टाकून. अंगाई म्हणणारा येऊन हात मिळवून गेला. घरी आल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "आबो दुसरा आला." हीटर घरघरला.

२० एप्रिल

आज कॉफीचा डबा घेऊन लायलकडे गेलो. काल तो स्पर्धेत गुण लिहीत होता, पण मान वर केली नाही. म्हटलं, याला दाखवूनच देऊ. चेपलेल्या गोळ्या त्याच्या टेबलावर ओतल्या.

"हे बघ तुझं कडक शिसं."

त्याने चष्मा लावला. एक उचलली, फिरवली. दुसरी उचलली. तिसरी नाकाशी नेली. मग खुर्चीत बसला.

"वेन्डेल, माझ्या घरातली प्रत्येक पेन्सिल अशी आहे."

"म्हणजे?"

"मला सात नातवंडं आहेत." त्याने गोळी माझ्या तळहातावर ठेवली. वर दोन खुणा, खाली दोन. "हे दात आहेत. दुधाचे."

मी त्याला शिवी दिली. मी गोळी परत फिरवली. मेण त्या जागी गेलेलं होतं, स्वच्छ, चाटून घेतल्यासारखं. चांगल्या माझ्या, वाईट तुझ्या, हा करार तिला कळला होता असं मी धरून चाललो. ती माझ्या ट्रेमधून उचलायची, मध संपवायची आणि नीट परत आणून ठेवायची, तिच्या ट्रकमधून. शहाणी पोर.

"तिचा आकडा उतरत नाही ना?" लायलने हळूच विचारलं. "क्रिस्टा मार्जला म्हणाली होती. अरे, पोटात काही राहिलं असेल तर उतरणार कसा? काय द्यायचास तिला खेळायला?"

मी सांगितलं. बाहुलीचे वाटाणे.

"फोन कर," तो म्हणाला. "इथून कर. घरी जाऊन तू करणार नाहीस."

मी इतकं सांगितलं की क्रिस्टाचा नवरा पोरीच्या ताब्याचा खटला लढतोय, हे त्याच्या हातात पडलं तर कोर्ट मला पोरीला रस्त्यापलीकडूनही बघू देणार नाही. लायल म्हणाला, "हो." आणि फोन पुढे सरकवला.

केला. क्रिस्टा ओरडली नाही. "आत्ता नेते तिला," एवढंच म्हणाली.

२१ एप्रिल

क्ष-किरणात पोटात पांढरे ठिपके दिसले. वाटाण्याएवढे. दोन ठळक, एक कदाचित. उद्या सकाळी नळी घालून काढायचा प्रयत्न करणार आहेत.

भांडं, साचे, सगळं लायल घेऊन गेला. नको म्हणत होता. गॅरंड राहिली.

संध्याकाळी क्रिस्टाचा फोन आला. आवाज कोरडा होता, दवाखान्यात लोक बोलतात तसा.

"डॉक्टर विचारताहेत, एकूण किती दिले होते तिला? काही आधीच पडून गेले असतील तर त्यांना हिशोब लागतो."

"शेंडे?"

"जे काय असेल ते. किती?"

मी आठवून बघितलं. मूठभर कधी, कधी ट्रक भरून. संपले की परत. "शेंडे कोणी मोजत नसतं, क्रिस्टा. ते परत भांड्यात जातात."

मागे कुठेतरी ओपल काहीतरी म्हणाली, एकच शब्द. मला कळला. मध मागत होती.

"आणि गोळ्या?" क्रिस्टाने विचारलं. "गोळ्या किती केल्या ते माहीत आहे?"

"एक हजार एकशे चाळीस," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला.